डावीकडेच वळणारी मोटार

बीड जिल्ह्यांतील खळ्यावरची मळणी आपणांपैकीं कांहींनीं तरी पाहिली असेल. तिवड्याभोवतीं बैलांची पात फिरे. तिवड्याजवळचा बैल थोडीच वाट चाले. बाहेरच्याला तेवढ्याच वेळांत मोठा फेरा घ्यावा लागे. म्हणून मंद, शांत बैल आंत बांधीत आणि चपळ बैल बाहेर. आज मळणी यंत्रानें होते. परंतु हेंच तत्त्व आपलीं मुलें एका संगणकीय खेळांत अनुभवीत असतात.

अमेरिकेंत 1948 सालीं स्थापन झालेल्या 'नॅस्कार' या संस्थेच्या बहुतेक शर्यती अंडाकृति मार्गावर होतात आणि तेथें मोटारी डावीकडेच वळतात. फ्लॉरिडांतील डेटोना येथील मार्ग 1959 सालीं खुला झाला. त्याची लांबी सुमारें 4 किलोमीटर असून वळणावर तो 31 अंश कललेला आहे. या शर्यतींवर पॅपिरस कंपनीनें 1994 सालीं संगणकाचा खेळ काढला. पुढें असे अनेक खेळ निघाले. त्यांत मोटार नुसती हांकून भागत नाहीं, आधीं ती जुळवावी लागते.

जुळवणीचें पहिलें सूत्र खळ्यावरचेंच आहे. मागचीं चाकें एका आंसाला जखडलेलीं असतां उजव्या, म्हणजे बाहेरच्या, चाकाला अधिक अंतर कापावें लागतें. म्हणून उजवा टायर घेरानें किंचित् मोठा घेतात. वळणांत भार उजवीकडे लोटतो, यास्तव वजन शक्य तितकें डाव्या बाजूस ठेवितात. पुढचीं दोन्ही चाकें माथ्याकडून डावीकडे झुकवितात. अशी मोटार सरळ रस्त्यावर वेडीवांकडी ठरेल. वळणांत मात्र तिचे टायर जमीन घट्ट धरितात.

मोटारीचें नाक वळेना व ती बाहेरच्या भिंतीकडे सरकूं लागली, तर तिला 'टाइट' म्हणतात. मागची बाजू सुटून ती गरकन् फिरूं लागली, तर 'लूज'. पुढील उजव्या व मागील डाव्या चाकांवरील एकत्रित भार वाढविला कीं मोटार टाइट होत जाते. कमी केला कीं लूज. टायरचा मध्यभाग कडांहून अधिक तापला, तर हवा जास्त झाली असें समजावें. पांच-सहा फेऱ्यांनंतर टायर तापतात, इंधन घटतें आणि मोटारीचा स्वभाव पालटतो. म्हणून एकाच वेगवान फेरीवरून निर्णय करूं नये.

एका वेळीं एकच फेरबदल करावा, हा येथील मुख्य नियम होय. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाचा आणि दोष कशाचा हें कळत नाहीं. वडील मंडळींना हा खेळ कालाचा अपव्यय वाटतो. त्यांनीं मुलाला एवढेंच विचारावें : 'आज काय बदललेंस, आणि त्यानें काय झालें?' उत्तर वहींत लिहिलेलें सांपडलें, तर मुलाच्या हातीं प्रयोगशाळेची शिस्त आली असें खुशाल मानावें. मात्र पडद्यावरील वेग पडद्यावरच राहावा, हेंही त्याला बजावावें. आपल्या रस्त्यांवर समोरूनही वाहनें येत असतात.