टारफुला आणि दोन एकरांचा शेतकरी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



माझी नोकरी पीक संरक्षणातली. त्यातली एकच गोष्ट सांगतो.

आपल्यातले बरेचजण ज्वारीच्या रानातून शाळेत यायचे. त्यांना टारफुला सांगायला नको. ज्वारीच्या मुळाला चिकटून तिच्याच जिवावर जगणारं तण. त्याचं बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं. पश्चिम केनियात याच तणाच्या भाऊबंदानं आणि खोडकिडीनं मक्याचं पीक हातचं जायचं. शेतकऱ्याची जमीन एक-दोन एकर, औषधाला पैसे नाहीत.

१९९०च्या दशकात तिथल्या 'इसिपे' या कीटक संशोधन संस्थेत मूळचे भारतीय डॉ. झियाउर खान आणि सहकाऱ्यांनी, इंग्लंडच्या रोथॅमस्टेड संस्थेबरोबर, एक उपाय बसवला. मक्याच्या दोन ओळींत डेस्मोडियम हे शेंगवर्गीय चारापीक लावायचं आणि शेताच्या कडेनं नेपियर, म्हणजे आपलं हत्ती गवत. डेस्मोडियमच्या वासानं खोडकिडीचा पतंग मक्यापासून दूर जातो, कडेच्या गवतावर अंडी घालतो आणि तिथे बहुतेक अळ्या जगत नाहीत. डेस्मोडियमच्या मुळांतून पाझरणारे पदार्थ तणाचं बी उगवायला लावतात, पण मक्याच्या मुळाला चिकटू देत नाहीत. ते बी मरून जातं. जमिनीला नत्र मिळतं, ओल टिकते, फवारणी वाचते.

पण शेतकऱ्यानं हे पर्यावरणासाठी स्वीकारलं नाही. दोन्ही पिकं चाऱ्याची आहेत. गाईला चारा मिळाला, घरात दूध आलं, शेतात शेणखत गेलं. अडचणीही होत्या. बी सहज मिळत नाही, सुरुवातीला खुरपणी जास्त लागते. मात्र एकदा लावलेलं डेस्मोडियम अनेक वर्षं टिकतं.

इथेच आपला संबंध येतो. आपल्यापैकी कितीतरी जणांची गावाकडची जमीन वाट्यानं दिलेली आहे. बोली एका वर्षाची. पुढच्या वर्षी शेत आपल्याकडे असेल की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, तो बांधावर गवत कशाला लावील? शेणखत कशाला टाकील? तो फवारणी करून हंगाम काढणार. त्याला दोष देता येत नाही.

डेस्मोडियम इथे आणा, असं मी म्हणत नाही. ज्वारीत तूर, बाजरीत मटकी आपल्या आजी-आजोबांनीही घेतली. माझी विनंती एवढीच आहे, की या दिवाळीत गावी जाल तेव्हा वाटेकऱ्याशी निदान पाच वर्षांची बोली करा आणि शेणखताचा निम्मा खर्च आपण उचला. जमीन सुधारली तर ती आपलीच आहे.