राउटरच्या जुळणीची राखीव प्रत

(पंचायत सचिव, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळा तोंडावर आला की आपण घरे शाकारतो, लाकूडफाटा आत घेतो, पुरुमेंताची बेगमी करतो. याच दिवसांत आणखी एका बेगमीचे स्मरण करून द्यावे, या हेतूने मी आपणांसमोर उभा आहे. पंचायतीच्या वा शाळेच्या भिंतीवर दिवे लुकलुकवीत असलेली जी लहानशी पेटी असते, त्या राउटरच्या जुळणीची राखीव प्रत, ही ती बेगमी होय. मी कला शाखेचा पदवीधर, यंत्रविशारद नव्हे. तथापि हा विषय केवळ यंत्रविशारदांवर सोपवून चालण्याजोगा राहिलेला नाही.

राउटरचे कार्य टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करणाऱ्या कारकुनासारखे आहे. कोणता संदेश कोणत्या संगणकाकडे न्यावा, बाहेरच्या जगाशी कोणत्या नावाने व परवलीच्या शब्दाने जोडणी करावी, छपाई यंत्राचा क्रमांक कोणता, या साऱ्या सूचना त्याच्या स्मृतीत नोंदलेल्या असतात. या सूचनांच्या संचास 'कॉन्फिगरेशन' म्हणजेच जुळणी म्हणतात. पेटी बाजारात विकत मिळते. आपल्या कार्यालयाची जुळणी कोठेही विकत मिळत नाही.

वीज कडाडून यंत्र निकामी झाले, अथवा कोणी उत्साहाने मागच्या बारीक छिद्रात टाचणी दाबून धरली, की ही जुळणी जाते. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे निराळे आणि 'रिसेट' निराळे, हा भेद सर्वांनी ध्यानी ठेवावा. पहिल्याने जुळणी शाबूत राहते. दुसऱ्याने ती पुसली जाऊन पेटी कारखान्यातून आली तशी कोरी होते. मग उताऱ्यासाठी दोन बसगाड्या बदलून आलेला शेतकरी आणि साहाय्याच्या रकमेची चौकशी करावयास आलेली वृद्ध भगिनी, 'नेट नाही' एवढेच उत्तर ऐकून माघारी जातात.

राखीव प्रत हाताशी असल्यास उपाय अवघड नाही. संगणक तारेने राउटरला जोडावा. पेटीच्या तळाशी चिकटविलेल्या चिठ्ठीवरील पत्ता ब्राउझरमध्ये लिहावा. बहुधा तो १९२.१६८.०.१ वा १९२.१६८.१.१ असा असतो. आत प्रवेश केल्यावर 'बॅकअप' व 'रिस्टोअर' असा विभाग आढळेल. तेथे जतन केलेली फाईल निवडावी. यंत्र स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होईल. तोवर वीज तोडू नये. त्यानंतर प्रत घेतली त्या दिवशीचाच परवलीचा शब्द लागू होतो आणि तदनंतर केलेले बदल पुन्हा करावे लागतात. अशी फाईल सामान्यतः त्याच कंपनीच्या त्याच नमुन्याच्या राउटरवर चालते, हेही विसरू नये.

मोठ्या कार्यालयांतील सिस्को राउटरमध्ये जुळणीच्या दोन प्रती असतात. चालू प्रत वीज जाताच नाहीशी होते. आरंभीची प्रत मात्र टिकते. केलेले बदल आरंभीच्या प्रतीत उतरविले नाहीत, तर वीज खंडित होताच ते लोप पावतात. बाहेर जपलेली फाईल चालू जुळणीवर नुसती उतरविली तर ती तीत मिसळते, आणि चुकीच्या ओळी तशाच राहू शकतात; संपूर्ण पालटासाठी 'कॉन्फिगर रिप्लेस' ही स्वतंत्र आज्ञा आहे. नव्या यंत्रात जोडणीची दारे बहुधा बंद असतात; ती 'नो शटडाउन' या आज्ञेने उघडावी लागतात. आपल्याकडे येणाऱ्या तंत्रज्ञास या गोष्टी अवश्य विचाराव्यात.

आता राखणीविषयी. प्रत केवळ कार्यालयातील एकाच संगणकावर असेल, तर एकाच विजेने दोन्ही जातील. म्हणून दुसरी प्रत अन्यत्र असावी. तीत परवलीचे शब्द असतात, आणि जुन्या पद्धतीने झाकलेले शब्द सहज उलगडता येतात. यास्तव ती मोबाईलवरून इकडेतिकडे पाठवू नये. मोहोरबंद पाकिटात, कुलपात ठेवावी. आवक-जावक नोंदवहीप्रमाणे एका वहीत प्रत घेतल्याची तारीख, यंत्राचा नमुना व त्यातील प्रणालीची आवृत्ती लिहावी. सचिवांची वा मुख्याध्यापकांची बदली झाली, तर कार्यभार सोपविताना किल्ल्यांबरोबर हे पाकीटही हाती द्यावे.

शेवटची विनंती अशी की, सुटीच्या एखाद्या दिवशी माहितगाराच्या उपस्थितीत, शक्य तर त्याच नमुन्याच्या दुसऱ्या यंत्रावर, ही प्रत एकदा परत भरून पाहावी. भरून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबू नये. जुळणीत बदल केला की नवी प्रत घ्यावी. अर्ध्या तासाच्या या श्रमाने कित्येक गरजवंतांची खेप वाचेल. पहिला पाऊस येण्यापूर्वी आपण हे कार्य पार पाडाल, असा विश्वास व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद.