खिंडीतला चढ

मायबापहो, तुम्ही वारकरी, दिवेघाट पायी चढलेले. माउलींच्या रथाला त्या घाटात जादा बैलजोड्या जुंपतात, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. रथ माउलींचा, पण चढावर त्यालाही दुसऱ्याचे बैल घ्यावे लागतात.

मी सांगतो तो चढ एवढा मोठा नव्हे. खेड तालुक्यात, भीमेच्या खोऱ्यात, एका वाडीकडे जाताना लहानशी खिंड लागते. लांबी म्हणाल तर अर्धा किलोमीटर भरायची नाही, पण उभी हो, अगदी उभी! साल १९८३-८४ असेल. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं काढून मी नुकताच बाहेर पडलो होतो. एसटी यायची ती खालच्या फाट्यापर्यंत, म्हणून सायकल. काळी, २२ इंची, गिअर-बिअर काही नाही. तिचंच वजन २० किलोच्या आसपास. मागे कॅरिअरला पिशवी, पिशवीत धोतर, उपरणं आणि ज्ञानेश्वरी.

तरण्या पोरांना सांगायला नको, पण ज्यांनी सायकल चालवली नाही त्या माउल्यांसाठी सांगतो. खालून आणलेला वेग बघता बघता संपतो. मग सीटवरून उठायचं, सगळं अंग एका पायडलवर टाकायचं, हँडल आपल्याकडे ओढायचं, मग दुसऱ्या पायडलवर. रस्ता मोकळा असला की नागमोडी जायचं, या कडेपासून त्या कडेला. अंतर वाढतं, पण चढ हलका होतो. आणि मध्ये थांबायचं नाही! थांबलात की संपलं. उभ्या चढावर पुन्हा टांग मारता येत नाही, सायकल मागेच येते. मग ढकलत न्या.

त्या खिंडीत मी कधी उतरलो नव्हतो. वर वडाखाली पोरं उभी राहायची, ओरडायची, "महाराज उतरले नाहीत!" माझ्या कीर्तनाचं कौतुक त्या पोरांनी कधी केलं नाही, याचं मात्र करायची. आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, वीणेसमोर उभा आहे.

सप्ताहाचा दिवस होता, उन्हं कललेली. निम्म्या चढावर एक म्हातारी, डोक्यावर गाठोडं. चेनची करकर ऐकून ती वळली. "आरं बाळा, येवढं गठुडं मागं घेतो का?"

मला स्पष्ट ऐकू आलं. पण निम्मा चढ झाला होता हो! मान खाली घातली, चाक दुसऱ्या कडेला वळवलं आणि गेलो. वर पोरांनी टाळ्या वाजवल्या.

रात्री कीर्तनाला उभा राहिलो. विषय गीतेचा सोळावा अध्याय, दैवी संपत्तीचे २६ गुण. पाठांतर पक्कं, एकेक गुण माळेच्या मण्यासारखा सरकत होता. दया आली आणि समोर पाहिलं, तर पहिल्या रांगेत खांबाला टेकून तीच म्हातारी. शेजारी गाठोडं. पंगतीचे तांदूळ होते ते. पुढचा शब्द फुटेना. मृदंगवाल्याला वाटलं महाराज दम घेतायत, त्याने ठेका वाढवला. टाळकऱ्यांनी विठ्ठल विठ्ठल धरलं, म्हणून निभावलं.

कीर्तन झाल्यावर लोक पाया पडायला आले, तीही आली. मी पाय मागे घेतले. म्हटलं, "आजी, खिंडीत तुमची हाक मी ऐकली होती."

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. "म्हून तर दुसऱ्यांदा मारली न्हाई. म्हटलं पोरगं थांबलं तर त्याला परत चढता यायचं न्हाई, कीर्तनाला उशीर हुईल."

आणि पाया पडून तांदूळ घेऊन चुलाणाकडे गेली.

पुढे त्या वाडीला बारा-तेरा वर्षं जात होतो. खिंडीच्या पायथ्यालाच उतरायचो. पोरांनी वडाखाली यायचं सोडून दिलं.

मागल्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं. आता डांबरी रस्ता, न्यायला गाडी. खिंडीखाली मी गाडी थांबवली आणि चालायला लागलो. ड्रायव्हर म्हणाला, "महाराज, गुडघे दुखतील, बसा." म्हटलं, तू हो पुढं. दोनदा मागे वळून पाहिलं. रस्त्याला कोणी नव्हतं.