घरची खुशाली हीच जवानाची शिदोरी
(जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभातील व्याख्यान)



देवळाच्या निधीच्या पावतीपुस्तकात काही नावांपुढे गावाचे वा शहराचे नाव नाही. नंबर, हुद्दा, पलटण आणि '५६ ए.पी.ओ.' किंवा '९९ ए.पी.ओ.' एवढाच पत्ता. आज कळस चढला, पण ही मंडळी हजर नाहीत. म्हणून हे चार शब्द त्यांच्याविषयी आणि त्यांच्यामागे राहिलेल्या घरांविषयी.

पत्ता मोठा विलक्षण. मुलगा लडाखात आहे की काश्मिरात, हे पाकिटावर लिहायचे नाही. ५६ चे टपाल दिल्लीमार्गे, ९९ चे कोलकात्यामार्गे जाते आणि पलटण असेल तिथे लष्करी टपालखाते ते पोचवते. १८५६ साली मुंबईहून इराणात बुशहरला फौज गेली, तिच्याबरोबर टपालघरही गेले. १ मार्च १९७२ रोजी या खात्याचे स्वतंत्र दल झाले. दाणागोट्याबरोबर फौजेला पत्रही लागते, हे सरकारने फार पूर्वीच ओळखले होते.

आपल्या मुलखाला ही ताटातूट नवी नाही. सातारा जिल्ह्यातील एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. मेसोपोटेमियात कूत येथे डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यात अडकलेल्या फौजेत मराठा पलटणी होत्या. शरणागतीनंतर जे कैदेत गेले, त्यातले कितीतरी परत आले नाहीत. त्यांच्या आयाबायांनी केवढी वाट पाहिली असेल! फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रे सरकारी अधिकारी तपासत. तेव्हा शिपाई देशी पलटणींना 'काळी मिरी' आणि गोऱ्यांना 'लाल मिरी' म्हणून घरी खरी हकीकत कळवीत. लिहिता न येणारा दुसऱ्याकडून लिहून घेई.

इकडे गावातही तसेच होते. पत्र आले की पोस्टमन किंवा शाळेतले गुरुजी ओट्यावर बसून वाचून दाखवीत. मनिऑर्डरीच्या कुपनावरच्या दोन ओळी माउली पुन्हा पुन्हा वाचून घेई. उत्तरात गाय व्याली, पाऊस पडला, जत्रा पार पडली, असे लिहिले जाई आणि पाकिटात देवाचा अंगारा जाई. तार आली की मात्र उघडण्यापूर्वीच घरात रडारड सुरू होई. ती तारसेवा २०१३ साली बंद झाली.

आता घरोघरी मोबाईल आहे. जिथे रेंज आहे तिथे जवान मुलाचे तोंडही पाहतो. ही मोठी सोय झाली. पण पूर्वी भांडणाची बातमी पत्रातून पोचेपर्यंत भांडण निवलेले असे. आता बांधाचा तंटा सायंकाळी होतो आणि रात्री पहाऱ्यावर निघालेल्या जवानाच्या कानी पडतो. त्याला रजा नाही, येता येत नाही. बंदूक हातात आणि मन बांधावर, अशी त्याची अवस्था होते. आजार लपवू नये, कारण पुढे कळले की घरच्या शब्दावरचा विश्वास उडतो. मात्र दुखणे सांगताना औषधपाण्याला कोण धावले, हेही सांगावे. पलटण कुठे आहे, कुठे निघाली, हे विचारू नये आणि चावडीवर बोलूही नये.

राहिले काम गावाचे. जवानाच्या शेताचा बांध कोणी कोरणार नाही, त्याच्या म्हाताऱ्या आईबापांना दवाखान्यात कोणीतरी नेईल, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातले कागद त्याच्या पत्नीला एकटीने हिंडून करावे लागणार नाहीत, एवढे गावाने पाहावे. मग फोनवर 'इकडची काळजी करू नकोस' हे शब्द खरे ठरतील. देवळाचे दगड बसले, तशी ही जबाबदारीही गावाच्या अंगी बसो. दूरच्या सर्व लेकरांना ग्रामदैवत सुखरूप ठेवो आणि पुढल्या जत्रेला पालखीच्या खांद्याला ती हजर असोत.

जय हिंद! जय महाराष्ट्र!