डोलकाठी आणि तिच्या तारा



देवगडच्या माणसांपुढे शिडाविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे धाडसच. ज्यांच्या घरची शिडाची गलबते होती अशी वडीलधारी मंडळी येथे बसली आहेत. तेव्हा शिडाची गोष्ट त्यांच्यावर सोडून मी फक्त डोलकाठी उभी धरणाऱ्या तारांविषयी बोलणार आहे. त्याही एका लहानशा कॅटमरानच्या.

हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला, अर्थ, बांधलेली लाकडे. इंग्रजांनी तो तराफ्यावरून उचलला आणि पुढे दोन सांगाड्यांच्या होडीला चिकटविला. नात्याने पाहिले तर आपली उलांडीची होडी तिला अधिक जवळची. १८७६ साली न्यूयॉर्कच्या शर्यतीत हेरेशॉफ यांची ‘अमॅरिलिस’ ही असली होडी साऱ्यांना मागे टाकून गेली, तेव्हा हरलेल्यांनी तक्रार करून तिला बादच करविले!

जुन्या गलबतावर आधाराचे दोर वाऱ्याकडील बाजूला ताणून बांधीत आणि वाऱ्याची बाजू पालटली की दोरही पालटीत. म्हणजे खलाशाचा हात त्या दोरांवरून वरचेवर फिरत असे. कॅटमरानचे उलटे आहे. होबी १६ सारख्या होडीत अॅल्युमिनियमची पोकळ काठी बुडाशी नुसती टेकलेली असते. ती उभी राहते तीन तारांवर: एक पुढे, दोन बाजूंना. एकदा बांधल्या की हंगामभर त्यांना कोणी हात लावीत नाही. घात होतो तो इथेच. एका सांगाड्याची होडी झोताबरोबर कलून वारा सांडून टाकते. ही पाच मीटर लांब आणि जवळजवळ अडीच मीटर रुंद, सहजी कलत नाही, म्हणून झोताचा सारा हिसका वाऱ्याकडील तारेवर बसतो.

आता आपण म्हणाल, मग तारा करकचून आवळाव्या. तसे नव्हे. ही काठी शिडाबरोबर स्वतःभोवती फिरावी लागते. फार आवळली तर ती अडते आणि सांगाड्यांवर फुकट भार येतो. फार सैल सोडली तर लाटेसरशी हिसके खाऊन पिना आणि तारा झिजतात. वारा भरला असता आडोशाकडील तार थोडी सैल दिसावी, आणि किनाऱ्यावर हाताने काठी मोकळी फिरावी, इतके बस्स. काठी सरळ आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. शीड चढविण्याचा दोर खाली ओढून एका सांगाड्यावरील ठराविक जागी टेकवावा, तीच लांबी धरून दुसऱ्या बाजूला न्यावा. फरक पडला तर तारेच्या टोकाच्या पट्टीतील पिन एक छिद्र वर किंवा खाली करावी. काठी मागे कलविली की नाळेचे पाण्यात घुसणे कमी होते. अति कलविली तर होडी सारखी वाऱ्याकडे वळू पाहते आणि सुकाणू धरणाऱ्याचा हात भरून येतो.

माझी काठी पडली ती वादळात नव्हे. गोव्यात बांधलेल्या ‘तुरिया’ची डोलकाठी सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात मोडली आणि अभिलाष टॉमी पाठीला जबर मार लागून पडून राहिले, पण ते वादळच तसे होते. आमच्याकडे सकाळचा बेताचा वारा होता. बाजूच्या पिनेतील बोटाच्या पेराएवढी कडी निघाली होती, आणि निघताना मी ती पाहिली नव्हती. काठी माझ्या भाच्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर पडली. तो हसला, मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून मी निघण्यापूर्वी प्रत्येक कडी बोटाने चाचपतो, आणि तारेवरून सुती चिंधी फिरवितो. चिंधी अडकली की समजावे, एखादा तंतू तुटला आहे. ती तार बदलावयाची, डागडुजी करावयाची नाही. गंज धरतो तो बहुधा तारेच्या टोकाच्या दाबलेल्या सांध्यात, जेथे खारे पाणी साचून राहते. गोड्या पाण्याची एक बादली तेथे ओतावी.

आणखी एक. मी पहिल्यांदा काठी उभी करीत होतो तेव्हा शेजारचे एक म्हातारे तांडेल ओरडले, “मास्तरांनू, आधी वर बघा!” वर विजेच्या तारा होत्या. अॅल्युमिनियमची काठी त्यांना लागली असती, तर आज येथे दुसरे वक्ते उभे असते.

पावसाळा तोंडावर आला आहे. येत्या रविवारी सकाळी मी काठी उतरविणार आहे. कोणाला तारा हाताळून पाहावयाच्या असतील त्यांनी बंदरावर यावे. उतरविताना दोन माणसे कमीच पडतात.