आकडा खरा आहे का?



 थेट पाण्याकडे येतो.

जुन्नर-आंबेगावची पश्चिम बाजू पावसात न्हाऊन निघते, आणि पूर्वेला लोणी-धामणीकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले. तरी मे महिन्यात पुष्कळांची भिस्त विहिरीवर आणि बोअरवरच असते. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. खडकातून आणि खतं खाल्लेल्या रानातून मुरत विहिरीत येताना ते पाण्यात उतरतात. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो तेव्हा आपल्याला ते दिसतात, आणि तोवर उशीर झालेला असतो.

ईसीचा, म्हणजे विद्युत वाहकतेचा, सेन्सर हे आधी सांगतो. पाण्यात दोन इलेक्ट्रोड, त्यांच्यातून जाणारा प्रवाह. विरघळलेले क्षार जितके जास्त, तितकी वीज सहज वाहते. प्रवाह एकाच दिशेचा ठेवला तर इलेक्ट्रोडपाशीच रासायनिक क्रिया होऊन मोजमाप बिघडतं, म्हणून तो उलटसुलट द्यावा लागतो. कोलराउश या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात घालून दिलेली ही रीत आपल्या खिशातल्या मीटरमध्ये आजही चालते.

त्या आकड्यावर पीक ठरतं. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यानुसार टोमॅटो 1.7 डेसीसायमन प्रति मीटरपर्यंतचं पाणी उत्पन्न न घटता सोसतो, द्राक्ष 1.0 पर्यंत, कांदा जेमतेम 0.8. म्हणजे 1.2 ईसीच्या एकाच विहिरीवर नारायणगावच्या बाजारात जाणारा टोमॅटो निर्धास्त वाढेल, आणि मंचरला जाणारा कांदा दहा टक्क्यांनी मार खाईल. जमिनीचा निचरा चांगला असेल तेव्हाचा हा हिशोब आहे. भारी काळ्या रानात तो याहून कडक धरावा.

पण आकडा खरा हवा. पाणी एका अंशानं तापलं की वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. दुपारी उन्हातल्या टाकीत 35 अंशांचं पाणी असेल आणि मीटरमध्ये तापमानाची दुरुस्ती नसेल, तर 25 अंशांवरच्या 1.2 चे 1.44 दिसतात. मोटर सुरू केल्याबरोबर भांडं धरलं, तर पाइपात साचलेलं पाणी मोजलं जातं. सेन्सरच्या टोकावर क्षारांचं कीटण चढलं की आकडा उतरतो आणि वाईट पाणी चांगलं भासतं. मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते.

आणखी एक. युरिया पाण्यात विरघळतो, पण त्याचे आयन होत नाहीत. व्हेंच्युरीतून युरिया सोडून ईसी वाढला नाही म्हणून आणखी सोडणारे भेटतात. त्यांना कुणीतरी बसून समजावलं पाहिजे. तसंच, ईसी एकूण क्षार सांगतो. त्यात सोडियम किती, हे प्रयोगशाळेतच कळणार. चोपण होऊ घातलेल्या जमिनीच्या मालकानं नुसत्या मीटरवर विसंबू नये.

आपल्या व्यवसायानं मीटर विकले, प्रमाणीकरण मात्र गावापर्यंत नेलं नाही. पोटॅशियम क्लोराईडचं 0.01 मोलर द्रावण 25 अंशांवर 1413 मायक्रोसायमन प्रति सेंटीमीटर दाखवतं. मीटर त्यात बुडवायचा, आकडा जुळवायचा, झालं. या द्रावणाची बाटली प्रत्येक कृषी सेवा केंद्रात कीटकनाशकांच्या शेजारी मिळायला हवी. नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या मंडळींना माझी विनंती आहे की मे आणि ऑक्टोबर असे दोनदा गावोगावच्या विहिरींचे ईसी, पाण्याची पातळी आणि तापमान यांची नोंदवही सुरू करावी.

दुपारच्या सत्राला येताना प्रत्येकानं आपापला मीटर घेऊन यावा. स्वच्छ पाणी, मऊ ब्रश आणि प्रमाण द्रावण टेबलावर ठेवलं आहे. आधी सगळ्यांचे मीटर जुळवून घेऊ, मग चर्चेला बसू.