प्रवाळांची टाकी माशांची करताना

प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. प्रकाशावर ते जे अन्न तयार करते, त्यावर प्रवाळाचे बरेचसे पोषण होते. म्हणून प्रवाळांच्या खाऱ्या टाकीवर प्रखर दिवे लागतात. सांगाडा बांधण्यासाठी पाण्यात दर लिटरला ४०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम आणि स्थिर क्षारता लागते. नायट्रेट मात्र अगदी कमी असावे लागते. माशांची गरज याहून साधी असते. त्यामुळे खर्च आवरायचा असो, की प्रवाळ कुरतडणारे मोठे, रंगीत मासे पाळायचे असोत, अनेक शौकीन अशी टाकी पुढे फक्त माशांची करतात.

या बदलात क्रम चुकला की मासे दगावतात. प्रवाळ, समुद्रफुले, शिंपले, कोळंबी, तारामासे हे सारे जिवंत असतानाच आधी बाहेर काढावे लागतात. दिवे बंद करून त्यांना टाकीतच मरू देणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. एखादे मोठे समुद्रफूल कुजले, तरी पाण्यातील अमोनिया एका रात्रीत माशांना घातक पातळीवर जाऊ शकतो. काढलेले जीव चालू टाकी असलेल्या अनुभवी माणसाकडे गेले तर जगतात. भारतात मात्र आधी कायदा पाहावा लागतो. २००१ साली खडक बांधणारे प्रवाळ आणि समुद्रपंखे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. मालवणच्या समुद्रातील प्रवाळांनाही हेच संरक्षण आहे. अशा प्रवाळांची खरेदी-विक्री हा गुन्हा असल्याने शंका असेल तेथे वनखात्याला विचारणे हाच योग्य मार्ग. टाकीतला कोणताही जीव समुद्रात सोडणे तर सर्वस्वी अयोग्य. हिंदी आणि प्रशांत महासागरांतला लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आढळला. तो पाळीव माशांतून तिथे पोहोचला असे मानले जाते, आणि आज कॅरिबियन समुद्रातील स्थानिक माशांचा तो मोठा शत्रू ठरला आहे.

टाकीतला जिवंत खडक मात्र हलवू नये. त्याच्या पृष्ठभागावरचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आतल्या प्राणवायूविरहित छिद्रांतले जिवाणू त्या नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. टाकीची खरी गाळणी हीच. हा खडक क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्याने धुतला की ती नष्ट होते. माशांना पोहायला जागा हवी असेल, तर थोडे तुकडे काढावेत आणि पुढचे काही आठवड्यांनी. वाळूचा जाड थरही एकदम ढवळू नये. त्यातून विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटू शकतो.

कॅल्शियमचे डोस थांबवले तरी चालते. नियमित पाणीबदल पुरेसा असतो. दिव्यांची वेळ आणि तीव्रता मात्र कमी करावीच लागते, नाहीतर रिकाम्या झालेल्या खडकावर केसाळ शैवाल माजते. प्रोटीन स्किमर काढून टाकण्याची चूक पुष्कळ जण करतात. मोठे मासे जास्त खातात आणि जास्त घाण करतात, म्हणून स्किमर पूर्वीपेक्षा अधिक क्षमतेचा हवा. नायट्रेट थोडे वाढले तरी बहुतेक मासे सोसतात. अमोनिया आणि नायट्राइट मात्र शून्यच असले पाहिजेत.

प्रवाळ गेले, आता पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचे औषध टाकीतच घालता येईल, असे वाटणे साहजिक आहे. पण तसे कधीही करू नये. चुनखडीचा खडक आणि वाळू तांबे शोषून घेतात. त्यामुळे औषधाची मात्रा टिकत नाही, खडकातले सूक्ष्म जीव मरतात, आणि शोषलेले तांबे पुढे पाण्यात उतरत राहते. उपचार खडक नसलेल्या वेगळ्या टाकीतच व्हावेत.

नवे मासे निवडताना जुन्यांचा विचार आधी करावा. तोंडात मावेल तो मासा लायनफिश गिळतो, तेव्हा लहान क्लाउनफिश त्याच्यासोबत ठेवणे चूक. खडकातल्या सूक्ष्म कवचधारी जीवांवर जगणारा मँडरिन मासा आधीच दुसरीकडे द्यावा. एम्परर एंजेलफिश ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. लहान टाकीत तो आणूच नये. मासे एकेक करून, मध्ये काही आठवडे जाऊ देऊन सोडावेत, म्हणजे वाढत्या घाणीच्या प्रमाणात जिवाणूही वाढतात. ट्रिगरफिश सर्वांत शेवटी सोडावा, कारण आधी येऊन जागा बळकावलेला ट्रिगर नवागताला सहसा टिकू देत नाही.